घडीची खुर्ची

भालेरावभाऊंच्या आधी त्यांची खुर्ची ऑफिसात यायची. लोखंडी घडीची खुर्ची, हिरव्या नवारीची, एक पाय जरा आखूड. मोटारसायकलच्या मागं ट्यूबनं बांधून ते ती निरगुडसरहून जुन्नरला आणायचे. जिना चढताना ती कठड्याला आपटली की खणकन आवाज व्हायचा, आणि साहेबांच्या दाराशी बसलेला शिपाई मान वर न करता म्हणायचा, "आली युनियन."

भाऊ पाटबंधाऱ्यात कालव्यावरचे चौकीदार. निरगुडसरच्या बाजूला कालव्याला लागून चौकी होती, तिथंच त्यांचं घर. आणि आमच्या कर्मचारी संघटनेच्या तालुका शाखेचे ते चिटणीस होते. अध्यक्ष दर दोन-चार वर्षांनी बदलत, चिटणीस तेच. अध्यक्ष का होत नाही म्हणून विचारलं तर म्हणायचे, "अध्यक्षाला हार घालून घ्यावं लागत्यात. मला हाराची ॲलर्जी हाय." तसे निरोपसमारंभात दुसऱ्याला घातलेले हार ते आवडीनं हुंगायचे, ते मी पाहिलं आहे.

ठेंगणे, अंगानं भरलेले, केस काळजीपूर्वक काळे केलेले. खाकी शर्टाला रोज इस्त्री. बोलण्याच्या त्यांच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे ज्यात कायद्याचा काडीचाही संबंध नाही ते सांगतानाही "कायद्यानं सांगतो" म्हणायचं. "कायद्यानं सांगतो भाऊसाहेब, ह्या चहात साखर नाय." आमच्याकडे लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात, म्हणून मी भाऊसाहेब. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक भाषण "पहिली गोष्ट म्हणजे" असं सुरू करायचं. ती पहिली गोष्ट इतकी लांबायची, तिला इतके फाटे फुटायचे, की इतक्या वर्षांत त्यांची दुसरी गोष्ट काही माझ्या कानावर आली नाही.

खुर्चीमागं मात्र तत्त्व होतं. साहेबापुढं उभं राहून बोलायचं नाही, हा भाऊंचा नियम. स्वतःसाठी आणि शाखेतल्या प्रत्येकासाठी. "उभ्यानं मागितली की भीक, बसून मागितली की मागणी," असं ते म्हणायचे. गेटवरचा माणूस असो, ड्रायव्हर असो की झाडूवाली मावशी, भाऊ त्याला घेऊन साहेबांकडे गेले की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी बसा." खुर्ची कमी पडली तर घडीची उघडायची. शाखेतली पोरं त्यांच्या पाठीमागं म्हणायची, "भाऊ बायकोला गाडीवर मागं घेत नाय, खुर्चीला घेतो." हे शांताबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरंय की. तिला ऐकू येत नाय."

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे एक तरुण साहेब होते. माणूस वाईट नव्हता, पण घाई फार. भेटायला आलेली माणसं एकदा बसली की उठत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी टेबलासमोरच्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्या. काही दिवस ही युक्ती झकास चालली. माणसं दारातूनच बोलून जायची. मग एक दिवस खणकन आवाज झाला.

भाऊ आत आले, त्यांनी खुर्ची उघडली, आखूड पायाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली आणि बसले. साहेब म्हणाले, "मी तुम्हाला बसायला सांगितलेलं नाही."

"बरोबर हाय साहेब. तुमी विसरला असाल म्हणून घरनंच घेऊन आलो. पहिली गोष्ट म्हणजे, गमबूट."

पावसाळ्यात कालव्याच्या भरावावरून चालणाऱ्या माणसाला गमबूट का लागतात, यावर भाऊ बोलायला लागले. साप कुठं निघतात, कोणत्या वर्षी कुणाला चावला, त्याला कुणाच्या गाडीतून नेलं, ती गाडी पुढं कुणी घेतली. साहेबांचा डबा गार झाला. दुसऱ्या दिवशी बाहेर काढलेल्या खुर्च्या शिपायानं गुपचूप आत नेऊन ठेवल्या. गमबूटही आले. ऐन उन्हाळ्यात आले, पण आले.

शाखेला स्वतःची जागा नव्हती. बाजाराच्या दिवशी पेठेतल्या पारसशेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर मिटिंग भरायची. पारसशेठचे पणजोबा राजस्थानातून आलेले. शेठ घरात कोणती भाषा बोलत ते मला माहीत नाही, दुकानात मात्र आमच्यापेक्षा चोख मराठी. भाऊंचे ते शाळेपासूनचे दोस्त. संघटनेची पाटी दुकानाच्या आतल्या भिंतीला, साड्यांच्या घोड्याशेजारी टांगलेली असायची, आणि गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ, तुमी बी युनियनमदी?" शेठ म्हणायचे, "मी मालकवर्ग. हे लोक माझ्याच ओट्यावर बसून माझ्याविरुद्ध घोषणा देतात आणि चहा मलाच सांगतात." घोषणा चालू असताना एखादं लग्नाचं बस्त्याचं गिऱ्हाईक आलं की शेठ आतून हात दाखवायचे, आणि भाऊ हाताच्या इशाऱ्यानं कामगारांची एकजूट थोडा वेळ थांबवायचे. बस्ता झाला की पुढची घोषणा.

आमच्या शाखेनं संप कसा केला, ती हकिकत शेठ गिऱ्हाइकांनाही ऐकवायचे. रिक्त जागा भरत नाहीत, एकेका माणसाला दोन-दोन गेट सांभाळावी लागतात, म्हणून काम बंद ठेवायचं ठरलं. भाषणं झाली. सगळे पेटून उठले. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर रजेच्या अर्जांचा गठ्ठा आला. कारण, 'संपात सहभागी होणेकामी एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत.' सरकारी माणूस न कळवता गैरहजर राहत नाही, हे रक्तात भिनलेलं. साहेबांनी सगळे अर्ज नामंजूर केले. कारण दिलं, आवर्तन चालू आहे. आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सोडल्याचे दिवस.

आता ठिणगी पडणार असं मला वाटलं. भाऊ नामंजूर अर्ज हातात घेऊन ओट्यावर बसले, एकेक करून ते सगळे वाचले, मग म्हणाले, "साहेबाचं बरोबर हाय राव. पाणी चालूय. आता गेट सोडून आपण इथं बसलो तर लोणीपतुर पाणी पोचल का?"

लोणी आमच्या कालव्याच्या पार शेवटाला. वरची गावं आडवा हात मारत राहिली की तिकडं नुसती ओल पोहोचते.

"मग संप?" कुणीतरी विचारलं.

"लोणीला पाणी पोचू द्या. मग संप."

लोणीला पाणी पोहोचलं तोवर साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांना आल्या आल्या संपानं सामोरं जाणं बरं दिसत नाही, म्हणून संप पुढं ढकलला. तो अजून पुढंच आहे. शेठ विचारायचे, "भाऊ, तुमचा संप कुठवर आला?" भाऊ म्हणायचे, "लोणीपतुर गेलाय. यील परत." जागा मात्र त्या नव्या साहेबांनी काही अंशी भरल्या, आणि त्यातल्याच एका जागेवर मंदा रेंगडे आली.

मंदा घाटघरची. नवरा आमच्याच खात्यात होता, तो कालव्यात बुडून गेला, आणि अनुकंपावर तिला चौकीदाराची नोकरी लागली. डोंगरातली बाई, नेमणूक मिळाली थेट पूर्वेला, लोणीच्या अलीकडच्या गेटवर. पदरात एक मुलगी. कामाला वाघीण, पण साहेब म्हटलं की तिची वाचा बसायची. पदर डोक्यावर, नजर जमिनीवर, आणि काहीही विचारा, उत्तर एकच, "व्हय साहेब." जेवलीस का, व्हय साहेब. पगार मिळाला का, व्हय साहेब. एकदा एका साहेबानं "काही अडचण नाही ना?" असं विचारल्यावरही ती "व्हय साहेब" म्हणाली होती.

एका उन्हाळी आवर्तनात तिच्या हद्दीत पाट फुटला. पाणी कांद्याच्या शेतात घुसलं. मुकादम पोहोचला तेव्हा गेटवर कुणी नव्हतं. वरून साहेब आले. ते गाडीत, ती उन्हात. त्यांनी विचारलं, "गेट सोडून गेली होतीस?"

"व्हय साहेब."

"कुणाला न सांगता?"

"व्हय साहेब."

झालं. मंदा निलंबित झाली, दोषारोपपत्र निघालं, विभागीय चौकशी लागली. गुन्हा कबूल, असंच कागदावर दिसत होतं. अनुकंपाची नोकरी पुन्हा मिळत नाही. ती गेली असती तर त्या बाईला मुलीला घेऊन घाटघरला परतावं लागलं असतं, आणि तिथं तिची वाट बघणारं कुणी नव्हतं.

अशा चौकशीत कर्मचाऱ्याला आपल्या बाजूनं बोलायला एक माणूस घेता येतो. त्याला बचाव सहायक म्हणतात. मंदानं अर्थातच भाऊंचं नाव दिलं. खरं तर भाऊंनीच विचारलं, "माझं नाव दिऊ का?" आणि ती म्हणाली, "व्हय भाऊ."

पुढच्या बाजाराला ओट्यावर तालीम झाली. भाऊ गादीवर साहेब होऊन बसले, समोर घडीची खुर्ची. मंदा खुर्चीत बसेना. आधी खाली बसली. हाताला धरून वर बसवली तर भाऊंनी दरडावून "मंदा रेंगडे" म्हणताच ताडकन उभी राहिली. पुन्हा बसवली, पुन्हा उभी. शेवटी भाऊंनी साहेबपण पारसशेठना दिलं, चष्म्यामुळं ते अधिक शोभत होते. शेठनी नाकावर चष्मा ओढून "काय गं, गेट सोडून गेली होतीस?" विचारलं, आणि मंदा म्हणाली, "व्हय साहेब."

भाऊंनी कपाळाला हात लावला. मग तिच्यासमोर उकिडवे बसले आणि एरवी कधी नसतं इतकं थोडकं बोलले. "मंदाताई, त्यानं इचारलं की लगीच त्वांड उघडायचं नाय. आधी पाठ खुर्चीला टेकवायची. पाठ टेकली की मग बोलायचं. एवढंच ध्यानात ठिव."

"आन काय बोलायचं भाऊ?"

"जे झालं ते."

त्या संध्याकाळी ओट्यावर आम्ही तिघंच उरलो असताना शेठनी विचारलं, "तुझं हे खुर्चीचं खूळ आलं कुठून रे?" मला वाटलं पहिली गोष्ट सुरू होईल. पण भाऊ म्हणाले, "आमचा बाप एकदा साहेबाच्या बंगल्यावर गेल्ता. सकाळधरनं दारात उभा. साहेब मागल्या दारानं निघून गेला. घरी येऊन म्हणला, पाय दुखलं त्याचं काय नाय, पर बस म्हणायला कुणाच्या बापाचं काय जात व्हतं." एवढंच बोलून त्यांनी खुर्चीची घडी घातली. मला तेव्हा त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी कायद्यानं काहीतरी सांगून चेष्टेवारी नेलं असतं.

चौकशी विश्रामगृहाच्या हॉलमध्ये होती. चौकशी अधिकारी पुण्याहून आलेले, निवृत्त, पांढऱ्या मिश्यांचे. मी जबाब टाइप करायला. अधिकाऱ्यांनी मांडणी केली होती ती अशी: बचाव सहायकाला एक खुर्ची, आणि जिच्यावर आरोप ती उभी. भाऊंना हे अपेक्षितच होतं. त्यांनी घडीची खुर्ची उघडली, आखूड पायाखाली कागद घातला, आणि मंदाला बसवण्याआधी चाचणी म्हणून स्वतः जरा जोरातच बसले.

इतकी वर्षं इमानानं सोबत केलेल्या त्या खुर्चीनं नेमका तोच दिवस निवडला. आखूड पाय मोडला आणि भाऊ खुर्चीसकट फरशीवर बसले. मी मान खाली घालून की-बोर्ड पुसू लागलो. चौकशी अधिकारी खोकले.

भाऊ उठले, पँट झटकली, आणि त्यांच्यासाठी ठेवलेली खुर्ची त्यांनी मंदापुढं सरकवली. "मंदाताई, आधी बसा."

"ती खुर्ची तुमची आहे," अधिकारी म्हणाले. "त्यांना उभं राहू द्या."

"कायद्यानं सांगतो साहेब, मी हिथं ह्यांच्यासाठी आलोय. मग खुर्ची बी ह्यांच्यासाठीच आली की."

असा कायदा कुठं असता तर अधिकाऱ्यांनी तो वाचलेला असता. पण त्यांनी हात हलवला आणि मंदा बसली. भाऊ तिच्या मागं उभे राहिले, खुर्चीची पाठ दोन्ही मुठींत धरून. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता पंचाईत झाली आहे. भाऊ उभे होते. उभ्यानं बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम; खुर्ची मिळवण्यापुरतं ते उभ्यानं बोलले, पण बचाव उभ्यानं करणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्या माणसाला गप्प करायला साहेबांच्या तीन पिढ्यांना जमलं नाही, त्याचं तोंड एका मोडक्या पायानं बंद केलं होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी गेट सोडून गेला होतात का?"

मंदाचे ओठ हलले. तो शब्द आम्हा सगळ्यांना दिसत होता. भाऊंनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मग मंदा मागं सरकली आणि तिची पाठ खुर्चीला, म्हणजे खरं तर भाऊंच्या मुठींना, टेकली.

"व्हय साहेब," ती म्हणाली. माझी बोटं जागीच थांबली. "गेले व्हते. पर कुठं गेले व्हते ते बी इचारा की."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "कुठं?"

मग मंदा बोलली. भरावाच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसली, खेकड्याचं बीळ होतं, त्यातून पाणी पाझरत होतं. फोनला रेंज नव्हती. तिनं गेट खाली घेतलं, चावी कमरेला खोवली आणि धावत गेली. आधी माती, मग गवत, मग अंथरुणातली गोधडी त्या बिळात कोंबली. तोवर आधीच सुटलेल्या पाण्यानं भराव खचला. ती पाण्यात उभी राहून वस्तीवरच्या लोकांना हाका मारत राहिली. बोलताना एकदाही तिनं पाठ उचलली नाही.

ज्याचा कांदा वाहून गेला तो लोणीचा शेतकरी खात्याच्या बाजूनं साक्षीला आला होता. अधिकारी त्याच्याकडे वळले. तो म्हणाला, "कांदा गेला ते खरंय साहेब. पर ह्या बाईनं हाका मारल्या म्हणून पोरं आन जनावरं घेऊन आमी भाईर पडलो. छातीइतक्या पाण्यात व्हती ती."

"मग हे आधी का सांगितलं नाही?"

"कांद्याचं किती नुकसान झालं तेवढंच इचारलं मला."

आरोप सिद्ध होत नाही, असा अहवाल आला. मंदा परत गेटवर गेली. आणि चौकशीच्या त्या दिवशी तुंबलेलं सगळं बोलणं भाऊंनी परतीच्या वाटेवर माझ्याकडून वसूल केलं. मी त्यांच्या मोटारसायकलवर मागं, मांडीवर मोडकी खुर्ची, आणि वाऱ्यावरून पहिली गोष्ट अखंड येत होती.

खुर्चीचा पाय त्यांनी नारायणगावात वेल्डिंग करून घेतला. आता तो पाय लांब झाला आणि उरलेले तीन आखूड वाटू लागले. भाऊ निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाला त्यांना भला मोठा हार घातला, ॲलर्जीची कुणी आठवण काढली नाही. त्यांनी बसूनच भाषण केलं आणि शेवटी ती खुर्ची मंदाच्या हातात दिली. शाखेनं तिला चिटणीस केलं होतं.

भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते परवा. चौकीतलं घर रिकामं करा, अशी नोटीस त्यांना गेली होती. घर सोडायला त्यांची ना नव्हती, फक्त नातीची दहावीची परीक्षा होईपर्यंत मुदत हवी होती. एवढंच मागायला ते आले होते. आता आमच्याकडे मॅडम आहेत. मी फाइल घेऊन आत उभा होतो. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या. भाऊ दारातच थांबले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. केस रंगवायचं त्यांनी सोडलं होतं.

मॅडम मोबाइलवर काही बघत म्हणाल्या, "नोटीस मिळाली ना?"

"व्हय मॅडम."

"मुदत संपलीये ना?"

"व्हय मॅडम."

मला ते ऐकवेना. दुसऱ्यासाठी जन्मभर साहेबांपुढं बसून भांडलेला हा माणूस स्वतःचं मागायला आला आणि त्याचे पाय आपोआप सरळ झाले. मी तोंड उघडणार एवढ्यात जिन्यात खणकन आवाज झाला, आणि बाहेरून शिपाई म्हणाला, "आली युनियन."

मंदा दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी आली होती. दारात भाऊंना तसं उभं बघून ती थबकली. मग आत आली. रिकाम्या खुर्च्यांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिनं घडीची खुर्ची उघडली, भाऊंच्या गुडघ्यांमागं लावली आणि म्हणाली, "भाऊ, आधी बसा."

भाऊ बसले.

"पहिली गोष्ट म्हणजे मॅडम," मंदा शेजारची खुर्ची ओढून बसत म्हणाली, "नातीची परीक्षा होईस्तवर ह्यांना घर पायजे." आणि तिथं ती थांबली नाही. त्या ऑफिसात इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी दुसरी गोष्ट ऐकली.

"दुसरी गोष्ट, ह्या माणसाला दारात उभं कसं काय ठेवलं?"

मॅडमनी मोबाइल खाली ठेवला. पिशवी मांडीवर घेऊन भाऊ जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी हळूच खुर्चीला पाठ टेकवली.